दुसरी डिस्क

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘दुप्पट’ म्हणायचे. खिशात दोन पेनं, बॅगेत दोन चष्मे, कपाटाच्या किल्ल्या दोन, आणि प्रश्न विचारला की तोच प्रश्न पुन्हा. “दार लावलंस?” “लावलं.” “नक्की लावलंस?” त्याची बायको म्हणायची, लग्न तेवढं एकदाच केलंय, तेही मी दुसरं करू दिलं नाही म्हणून.

गिऱ्हाइकांनी अट घातली की आमचा कोड ऑफिसबाहेर कुठेही ठेवायचा नाही. मग कोडचा सर्व्हर आपल्याच खोलीत बसवायचं ठरलं आणि ते काम दुप्पटकडे आलं. बाईंना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, वाटत होतं की जुना एखादा कॉम्प्युटर झाडूनपुसून चालेल. दुप्पटने त्यांना समोर बसवून समजावलं. प्रोसेसर चार कोअरचा तरी हवा. मेमरी आठ जीबीत भागेल, पण सगळे एकदम कोड चढवायला लागले की मशीन धापा टाकेल, म्हणून सोळा. डिस्क फिरणारी नको, एसएसडी हवी, कारण कोड म्हणजे बारीकसारीक लाखो फायली. आणि डिस्क दोन, एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तर दुसरी उभी. शिवाय रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत. बाईंनी बॅकअपवर काट मारली. “दोन डिस्क आहेत ना? मग तिसरं सोंग कशाला?” हा दोनदा भांडला, दोनदा हरला.

खरेदी बघायचा त्याचा साडू. त्याला नोकरीला दुप्पटनेच चिकटवलं होतं. दोघं एकाच डब्यात जेवायचे आणि साडू त्याला तोंड भरून ‘दादा’ म्हणायचा. सामान आलं, दुप्पटने दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून आपल्या हाताने १ आणि २ लिहिलं, आणि तेवढ्यात त्याची आई पाय घसरून पडली. साडू म्हणाला, “दादा, तुम्ही हॉस्पिटलात बसा. पासवर्ड द्या, बाकी मी बघतो.”

दुप्पट परतला तेव्हा सर्व्हर सुरू होता आणि स्क्रीनवर दोन्ही डिस्कपुढे हिरवा ठिपका होता. वर्षभर तो हिरवा ठिपका आम्ही देवासारखा मानला.

मग एका सकाळी डिस्क मेली आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. कोड आमच्या प्रत्येकाच्या मशीनवर इतिहासासकट होता, तो संध्याकाळपर्यंत परत चढला. पण मी तपासणीत शोधून काढलेल्या चुका, त्यांवरच्या चर्चा, कोणी काय का बदललं ते सारं फक्त सर्व्हरवर होतं. माझी वर्षभराची मेहनत मातीत गेली, आणि मी तोंडाने काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुप्पटने सर्व्हरचा डबा उघडला. आत एकच डिस्क, १ लिहिलेली. दुसरी खाच रिकामी. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून एकाला दुसऱ्याची नक्कल करायला लावलं होतं. म्हणून ठिपके दोन.

बाईंनी साडूला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “मी दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. बसवल्या त्यांनीच. त्यांच्या नावाने लॉगिन आहे, बघा ना.” दुप्पटकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. बाई दुप्पटला म्हणाल्या, सोमवारी सांगते तुमचं काय करायचं ते.

रविवारी त्याचा मला फोन आला. “साडूकडे चल. एकट्याने पाहिलेलं खरं धरत नाहीत.”

साडूच्या बायकोने दार उघडलं. “या भाऊजी! बसा, पाणी आणते.” हॉलमध्ये साडूचा कॉम्प्युटर होता. वाटेत दुप्पटने मला सांगितलं होतं की गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून त्याने स्वतःच या कॉम्प्युटरचं कौतुक केलं होतं. किती झटपट सुरू होतो, म्हणाला होता. आता त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मशीन बंद केलं आणि बाजूचा पत्रा उतरवला. आतल्या डिस्कवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर त्याच्याच अक्षरात २.

साडू आतून आला आणि दारातच थबकला. मग उसनं हसत म्हणाला, “दादा, एकीवर चालत होतं की! घरातल्या घरात बोभाटा कशाला? आपल्या बायका सख्ख्या बहिणी आहेत.”

“मी आईच्या उशाशी बसून फोन केला होता,” दुप्पट म्हणाला. “दोन्ही बसवल्यास का, विचारलं. तू हो म्हणालास. आणि मी पुन्हा विचारलं नाही. तू होतास म्हणून विचारलं नाही.”

साडूची बायको पाण्याचे पेले घेऊन तशीच उभी राहिली. दुप्पटने डिस्क काढली, रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि पत्रा परत बसवून दोन्ही स्क्रू पिळले. पाणी कोणीच प्यालं नाही.

जिना उतरताना त्याने मला थांबवलं.

“पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“नक्की पाहिलंस?”

मला हसू येईल असं वाटलं होतं. त्याचे डोळे भरलेले होते. मी म्हटलं, “नक्की.”