रस्त्याच्या मध्यापर्यंत

देवासला आमच्या दारासमोरच्या रस्त्याला दोन राजे होते. हसू नका, खरं तेच सांगते. एकाच गावात दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि आमच्या आळीत त्यांची हद्द जायची ती बरोब्बर रस्त्याच्या मधून. आमचं घर थोरल्या पातीत, समोरचं धाकट्या. शिपाई वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. आम्हा पोरांची त्यामुळे चंगळच होती. इकडच्या कुणाच्या चिंचा पाडल्या की तिकडे पळायचं आणि शिपायाला वेडावून दाखवायचं. तो बिचारा माळवी बोलीत शिव्या घालायचा, पण पाऊल पुढे टाकायचा नाही. मी दिवसातून कितीदा ती हद्द ओलांडत असेन, त्याला गणती नाही.

समोरच्या घरात धाकट्या पातीतले एक कारकून राहत. भाऊ आणि भावजय प्लेगात गेल्यावर त्यांची पोरकी मुलगी त्यांच्याकडे आली. ती आठ वर्षांची होती, मी अकराची. मी त्या घरात रोज न विचारता शिरायची, मला ती ताई म्हणायची. मान खाली घालून सारखी कामाला जुंपलेली. तिचा अपराध एकच, झोपेत अंथरूण ओलं व्हायचं. मग सकाळी तिचे काका आधी वेताची छडी चालवत आणि काकू चुलीत उलथनं तापवून दंडावर चटका देत. आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. डाग दिला की खोड जाते, असं बायका पापड लाटता लाटता बोलायच्या. तान्ह्या पोरांनासुद्धा पोटदुखीवर डाग देत, तिथे हिच्यासाठी कोण रडणार?

एकदा विहिरीवर तिची बाही वर सरकली आणि मला ते डाग दिसले. जुने काळे पडलेले, वर नवे ओले. मला शिसारी आली आणि तिचाच राग आला. "अगं, मग पळत का नाहीस? रस्ता ओलांडलास की झालं! इकडे आमचं राज्य आहे. तुझे काका काही करू शकत नाहीत." मोठ्या शहाण्यासारखं मी तिला सांगितलं.

दोन दिवसांनी भर दुपारी ती खरंच आली. अनवाणी धावत आली आणि आमच्या स्वयंपाकघरात आईच्या मागे दडली. मागोमाग तिचे काका हातात छडी घेऊन निघाले, आणि काय सांगू, रस्त्याच्या मध्यावर थबकले! दुसऱ्या पातीत घुसून हात उगारला तर नोकरीवर गदा येईल, हे ते जाणून होते. तसेच मागे फिरले. मला वाटलं, जिंकले मी. आता या पोरीला कोण हात लावतो ते बघू.

तीन दिवस ती आमच्याकडे होती. पहिल्या रात्री अंथरूण ओलं झालं. आईनं सकाळी ते धुऊन वाळत घातलं आणि अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या रात्री कोरडं होतं, तिसऱ्याही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी सागरगोट्या खेळताना चिडली, रडीचा डाव खेळतेस म्हणाली. तिला चिडता येतं हे मला तेव्हा कळलं.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, थोरल्या पातीच्या अदालतीत कारकून होते. माणूस देवभोळा, अक्षर मोत्यासारखं आणि आलेल्या कागदाला उत्तर दिल्याशिवाय जेवायला न बसणारा. तिसऱ्या दिवशी समोरून त्यांच्या नावे पत्र आलं. 'आमची अज्ञान पुतणी आपल्या हद्दीत आली आहे, ती आमच्या ताब्यात देण्याची कृपा व्हावी.' कायद्याच्या भाषेत लहान मूल म्हणजे अज्ञान. दादांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मसुदा उत्तम आहे."

आई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलली. "मसुदा कसला बघता? त्या लेकराचा दंड बघा!"

दादांनी कायद्याचं पुस्तक काढलं. पालकानं मुलाच्या हितासाठी, मनात वाईट हेतू नसताना शिक्षा केली तर तो गुन्हा होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. बोट ठेवून त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. हेतू म्हणे! चटका देणाऱ्याचा हेतू त्या कातडीला कसा कळावा? पण दादा अगदीच दगड नव्हते. त्यांनी कबुलायत लिहून मागवली की पोरीला यापुढे मारणार नाही. समोरून सहीनिशी आली. दादा खूश झाले. तिकडच्या माणसाची कबुलायत इकडे ठेवून तिचा काडीचा उपयोग नव्हता. ती मोडली तर दाद मागायची कुठे? तिकडे आम्ही कोण? हे अदालतीत जन्म काढलेल्या माणसाला कळलं नाही, का कळूनही कागदाच्या मोहात पडले, देव जाणे.

ती जाईना. तिनं खांबाला मिठी मारली. तेव्हा दादा मला म्हणाले, "तुझं ऐकते ती. तू सोडून ये. मध्यापर्यंतच जा, पुढे जाऊ नकोस."

मी तिचा हात धरला आणि ती लगेच आली. माझ्यावर तिचा एवढा विश्वास होता, मेला तोच आठवतो. रस्त्याच्या मध्यावर मी थांबले. पलीकडे दारात तिची काकू उभी होती. पोरगी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, आतपर्यंत ये ना. कुणी आलेलं असलं की काका मारत नाहीत."

मी म्हणाले, "मला त्या बाजूला यायची परवानगी नाही."

आणि तिचा हात सोडला. ती गेली. मागे वळून पाहिलंही नाही तिनं. दार लागलं.

मग आवाज आले. आळीभर ऐकू गेले. आई देवघरात जाऊन बसली. दादा ओसरीवर लिहीत होते, त्यांचा बोरू थांबला, पुन्हा सुरू झाला. मी म्हणाले, "दादा, ऐका ना!" ते वर न बघता म्हणाले, "ते तिकडचं आहे." पंधरा दिवसांच्या आत ती वारली. तापानं, असं सांगितलं. एवढंसं गाठोडं पांढऱ्या फडक्यात, रस्त्याच्या त्यांच्या कडेकडेनं नेलं. आमच्या बाजूची माणसं ओट्यांवर उभी होती, कुणी खाली उतरलं नाही.

पुढं मी लग्न होऊन धारला आले. धारला एकच राज्य, रस्त्यात हद्द नाही, तरी माझा पाय रस्त्याच्या मध्यावर अडखळायचा. कुठं पोर रडलं की माझ्या हातातलं काम गळून पडतं. कुणाचं घर, कुठली जात, काही बघत नाही, सरळ आत शिरते आणि पाणी मागते. पाणी पिते, बसते, लुगड्याच्या किमती विचारते, पण हलत नाही. मारणाऱ्याचा हात खाली येईपर्यंत तिथंच ठिय्या. "कई माजी, फेर पाणी?" परत पाणी का, म्हणून शेजारणी हसतात. म्हातारी आगाऊ आहे म्हणतात. असू दे. आणि तरी घरी आले की तोच आवाज कानात असतो, आतपर्यंत ये ना. माझ्या लेकी लहान असताना मी त्यांच्यावर तोंड सोडलं, हात कधी उगारला नाही. उगारायला गेले की तिचा दंड दिसायचा.

आई गेल्यावर दादा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे धारला होते. मी त्यांचं सगळं केलं, पण मनातून माफ केलं नव्हतं. एका दुपारी त्यांना पेज भरवत होते. चमचा बाजूला सारून ते एकाएकी म्हणाले, "त्या पोरीसाठी समोरून पत्र आलं होतं ना, त्याला मी उत्तर दिलं नसतं तर?"

इतक्या वर्षांत तिचं नावही आमच्यात निघालं नव्हतं.

"तिकडची पत्रं लोक महिना महिना तशीच ठेवत. वर्षवर्षसुद्धा. कुणी विचारत नसे. ते उशाखाली ठेवलं असतं, तर ती राहिली असती आपल्याकडे. मोठी झाली असती. मला कुणी जाब विचारला नसता गं." आणि ते तोंड वेडंवाकडं करून रडायला लागले.

मी इतकी वर्षं शब्द जमवून ठेवले होते. तुम्ही मारलंत तिला, असं तोंडावर म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. पण ते म्हणता येईना. दादांच्या हातात निदान पत्र होतं, सही होती, पुस्तक होतं. माझ्याकडे काय होतं? ज्या घरात मी रोज न विचारता धावत शिरत होते, तिथं त्या दिवशी मला परवानगी आठवली. तिनं मला फक्त चार पावलं मागितली होती.

मी त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "दादा, पेज निवतेय."