लिफ्ट म्हणाली, पधारो!

"पधारो, पधारो! अमारा कारखानामां आपनुं स्वागत छे!"

लिफ्टची जाळी सताड उघडी. लिफ्ट तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. समोर नुसता खड्डा, आणि मी बसवलेली पेटी गोड आवाजात आत बोलावत होती.

"भाऊ, हाई तं आमले खाले बलाई ऱ्हायनी!" लिफ्टमध्ये कापडाचे ताके चढवणाऱ्या सुनंदाताई म्हणाल्या.

मी गोडादऱ्यात, कापड कारखान्यांच्या वस्तीत, इलेक्ट्रॉनिक्सची कामं करतो, कामगारांच्या सुरक्षेची पत्रकंही वाटतो. आदल्याच आठवड्यात सुनंदाताई ताका ओढत मागे सरकल्या आणि त्या खड्ड्यात जाता जाता वाचल्या. आम्ही लॉक मागितलं. समोर लिफ्ट नसेल तर जाळी उघडणारच नाही, असं. कारखान्याचे मालक रमणभाई शेठ म्हणाले, "लॉक पछी. आधी बोलती पेटी बसव ने." माणसाच्या जिवाच्या धोक्यावर उतारा म्हणून खेळणं! तरी बसवलं. काहीच नसण्यापेक्षा बरं.

आत फार काही नसतं. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सांगितलेला प्रोग्राम पाळणारी चिप. तिच्या शेजारी टपाल तिकिटाएवढं साउंड मॉड्यूल, त्यात मेमरी कार्ड, कार्डात आवाज भरलेले. जाळी उघडी राहिली की स्पीकरने ओरडायचं, "खबरदार! जाली बंद करो!" शेठचा एकच हट्ट: पेटी चालू होताना त्यांच्या आवाजात स्वागत हवं.

त्या दिवशी पेटीचं हे पधारो चालू असतानाच शेठ दोन व्यापाऱ्यांना घेऊन वर आले. पेटी "खबर..." एवढंच बोलली, टक् झालं, आणि पुन्हा पधारो. पुन्हा "खबर...", पुन्हा पधारो.

एका व्यापाऱ्याने वाकून पाहिलं. "शेठ, आ खाडामां पधारीए?"

सगळा मजला हसला. शेठ माझ्यावर उखडले, "तारुं मशीन खराब छे!"

"मशीन नाही शेठ. मी पेटीला दिलेला अॅडॅप्टर काढून काय लावलंत?"

"मोबाइलचं जुनं चार्जर. चालतं ने!"

नाही चालत. स्वागत हळू आवाजात होतं, ते निभायचं. इशारा फुल व्हॉल्यूमवर. स्पीकरने करंट ओढला की चार्जर दम टाकायचा, व्होल्टेज पडायचं, चिप रीसेट व्हायची आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू. पहिली ओळ शेठची.

दुसऱ्या दिवशी अॅडॅप्टर परत आला, स्वागत पुसलं गेलं आणि लॉकवाल्यालाही बोलावणं गेलं. सुनंदाताई पडता पडता वाचल्या म्हणून नाही, व्यापारी हसला म्हणून.

तेव्हा स्पीकरला पोटभर करंट द्या. आणि मालकाकडे सुरक्षा मागायची तर गिऱ्हाईक समोर असताना मागा.