सोजरबाईंची हुमणी

शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं रोप. एकवीस वर्षं मी उद्यान खात्यात कारकुनी केली, शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून, आणि या तीन वस्तूंचा मला इतका वीट आलाय की घरच्या सत्यनारायणातसुद्धा नारळ हातात घेतला की मळमळतं. खातं कोणतं ते सांगत नाही. उगाच त्याची प्रसिद्धी नको.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला पाच शहरांच्या उद्यान खात्यांनी मिळून एक मंडळ काढलं, आंतरशहर उद्यान समन्वय मंडळ. एकमेकांच्या बागा पाहाव्यात, एकमेकांकडून शिकावं, माळ्यांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण द्यावं, असा उद्देश होता. तो फार सुंदर होता. मीच टाइप केला होता. प्रत्यक्षात पाच शहरांचे साहेब दर तीन महिन्यांनी एकमेकांकडे जेवायला जात. बाग जीपमधून बघायची, उतरायचं ते फोटोपुरतं. दुपारी बासुंदी-पुरी झाली की सभागृहात पडदे ओढून परदेशातल्या बागांच्या स्लाइड दाखवायच्या. पहिल्या रांगेत लोक उघड्या तोंडानं घोरत असत. माळी कुठे असत म्हणाल, तर खुर्च्या मांडायला. मी मागच्या बाजूला बसून इतिवृत्तात लिहायचो, ‘उपयुक्त विचारविनिमय झाला.’

आमच्या खात्याचे साहेब होते यज्ञेश्वर खांबेटे. सदाशिव पेठेतला माणूस, कपड्यांना मातीचा डाग पडलेला कोणी पाहिला नाही. वनस्पतींची लॅटिन नावं धडाधड सांगत. एकदा पाहुण्यांना त्यांनी अर्धा तास शेवंतीची माहिती दिली. समोर झेंडू होता. पाहुण्यांनीही माना डोलावल्या. असा तो विचारविनिमय.

आता सोजरबाईंचं सांगतो, कारण सांगण्यासारखं त्या खात्यात तेवढंच होतं.

सोजरबाई मांजरीच्या. वडील भैरू, दोन एकर ऊस. लग्न होऊन लोणी काळभोरला गेल्या, नवरा लवकर वारला आणि पदरात एक मुलगी घेऊन माहेरी परत आल्या. सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या बागेत रोजंदारीवर लागल्या त्याला चौदा वर्षं झाली होती. बुटक्या, काळ्यासावळ्या, कासोटा घालून दिवसभर उकिडव्या बसून खुरपणार. बोलणं थोडं. माती चिमटीत घेऊन नाकाशी न्यायच्या आणि सांगायच्या, ‘हितं पानी जास्त झालंय.’ मुकादम हसायचा. चार दिवसांनी तिथलं गवत कुजायचं.

रोजंदारीवाल्यांची नावं आमच्याकडे हजेरीच्या वहीत पेन्सिलीनं लिहीत, कायम लोकांची शाईनं. सोजरबाईंना वाचता येत नव्हतं, पण एवढा फरक कळत होता. एकदा मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, आमचं नाव शाईनं कदी व्हनार वो?” कायम झालं की आजारपणाची रजा, दवाखाना, म्हातारपणी पेन्शन. त्यांना दुसरं काही नको होतं. आणि नियम असा की वयाची पंचेचाळीस पूर्ण झाली की कायम करता येत नाही.

त्र्याऐंशी साली बागेतली हिरवळ जागोजागी पिवळी पडायला लागली. खांबेट्यांनी पाणी वाढवलं, पिवळेपणा वाढला. खत टाकलं, आणखी वाढला. मंडळाला पत्र गेलं तर बाकीच्या चार शहरांतही हेच रडगाणं. लगेच ‘हिरवळीचे आरोग्य’ या विषयावर परिषद ठरली. जेवणात जिलबी की श्रीखंड यावर दोन बैठका झाल्या.

त्याच आठवड्यात सोजरबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी वडाच्या पानावरून काहीतरी फायलीवर ठेवलं. पांढऱ्या, गलेलठ्ठ, वाकड्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या. वळवळत होत्या. मी किंचाळलोच. “काय घाण आणलीत ही!”

“हुमनी हाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “उसाला लागती ती. गवताची मुळं खाऊन ऱ्हायलीय. चला, दावते.”

मी गेलो. त्यांनी पिवळ्या ठिकाणचं गवत दोन्ही हातांनी धरून उचललं, तर सतरंजी उचलावी तसं अख्खं उचललं गेलं. खाली मुळं म्हणून नव्हती. अळ्याच अळ्या.

त्यांनी सांगितलं ते मी तिथेच उभ्यानं लिहून घेतलं. ही अळी म्हणजे भुंगेऱ्याचं पोर. वळीव पडला की भुंगेरे जमिनीतून वर येतात. दिवस मावळला की कडुलिंबाच्या आणि बाभळीच्या पाल्यावर चरायला बसतात. तेव्हाच फांद्या हलवायच्या, खाली पडतील ते वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. चार-पाच सांजा हे केलं की झालं. उशीर केला तर मादी परत जमिनीत शिरते, अंडी घालते, मग काही हाती लागत नाही. “बा आमाला ल्हानपनी समद्या भावंडांस्नी झाडाखाली हुबा करायचा,” त्या म्हणाल्या. “वळवाकडं डोळं लावून बसायचं. येक वर्स चुकलो, तर ऊस आडवा झाला.”

पुढच्या मे महिन्यात वळीव पडला आणि त्यांनी मला निरोप धाडला. मी सायकल मारत गेलो. चार बाया, चार आकड्या लावलेले बांबू, खाली जुनी लुगडी पसरलेली. फांदी हलली की टपटप भुंगेरे पडत. बायका नुसत्या हातांनी वेचत होत्या आणि हसत होत्या. पाच संध्याकाळी मी गेलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत काही शिकलो असेन तर तेवढंच. त्या पावसाळ्यात आमची हिरवळ अशी उठली की लोक चपला काढून चालायला लागले.

इथवर सगळं चांगलं होतं. मग ते खांबेट्यांच्या लक्षात आलं.

“श्रीनिवासराव, यावर एक पुस्तिका करा,” ते म्हणाले. “मंडळातर्फे पाचही शहरांत देऊ.” लेखकाचं नाव कोणाचं ते विचारायचं काम नव्हतं. मी सोजरबाईंचं सांगणं ‘शास्त्रीय भाषेत’ उतरवलं आणि साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन्सिलीनं एका शब्दाला गोल केला.

“वळीव म्हणजे किती तारीख?”

“तारीख नसते साहेब. कधी मेमध्ये, कधी जूनच्या सुरुवातीला. दर गावी वेगळा.”

“असं कसं चालेल? जादा मजुरांची मंजुरी, रॉकेलची मागणी, पाच शहरांचं परिपत्रक. पाऊस पडल्यावर मंजुरी मागायची का? पावसाळी कामांचं पत्रक पंधरा जूनला सुरू होतं. पंधरा ते तीस जून घाला.”

मला ठाऊक होतं की पंधरा जूनपर्यंत भुंगेरे अंडी घालून मोकळे होतात. माझ्याच अक्षरात ते टिपलेलं होतं. मी म्हणालो, “बरं साहेब,” आणि वळीव खोडला. चहा गार होत होता, एवढंच मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं.

पुस्तिका छापली. मुखपृष्ठावर हातात गुलाब घेतलेले खांबेटे. मंडळाच्या परिषदेत त्यांना शाल, श्रीफळ आणि रोप मिळालं. चार शहरांचे साहेब टाळ्या वाजवत होते, आणि मीही वाजवल्या. सोजरबाई त्या दिवशी मांडवाच्या मागे कुंड्या पुसत होत्या.

पुढे जे व्हायचं तेच झालं. चारही शहरांत पंधरा जूनला माणसं बांबू घेऊन झाडाखाली उभी राहिली आणि दोन-चार भुंगेरे घेऊन घरी गेली. हिरवळी साफ बसल्या. फक्त आमची बाग हिरवीगार राहिली, कारण सोजरबाई परिपत्रकाची वाट न बघता दर मे महिन्यात वळीव पडला की घरचं रॉकेल घेऊन उभ्या राहत. मंडळानं त्यावरून काय निष्कर्ष काढावा? पुस्तिका बरोबर आहे, आमची बाग हा तिचा पुरावा, इतर शहरांतले माळी अप्रशिक्षित आहेत. हे इतिवृत्तात घालताना ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पण लिहिलं.

मग प्रशिक्षण आलं, आणि प्रशिक्षणाबरोबर परीक्षा. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत मंडळानं ठरवलं की प्रत्येक शहरानं आपल्या रोजंदारी माळ्यांची तोंडी परीक्षा घ्यावी, परीक्षक दुसऱ्या शहराचा असावा, आणि उत्तीर्णांना कायम करावं. आमच्याकडे जागा दहा, उमेदवार अकरा, म्हणजे सगळ्यात कमी गुणांचा एक जण गळणार. सोजरबाईंची त्या मे महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हीच वेळ, यापुढे नाही.

परीक्षा पुस्तिकेवरच. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी दोन दुपारी अवजारांच्या खोलीत बसून ती त्यांना वाचून दाखवली, पाठ करून घेतली. सोजरबाई दारात आल्या. “भाऊसाहेब, मी बी बसू का?”

“तुम्हाला काय शिकवायचं? तुमचंच आहे ते सगळं,” मी म्हणालो.

त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि पाण्याची नळी ओढायला गेल्या. त्यांना वाटलं मी कौतुक करतोय. करतही होतो. पण खरं कारण सांगतो, आता लपवून काय करायचंय: त्यांच्यासमोर ‘पंधरा ते तीस जून’ हे शब्द मोठ्यानं वाचायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि मला ते नको होतं.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर हिरवं कापड, काचेच्या बशीत काजू. मधे परीक्षक सर्जेराव, शेजारच्या शहराचे उद्यान अधीक्षक. पुस्तिकेपायी त्यांची स्वतःची हिरवळ मेली होती आणि ते पुस्तिकेचे मोठे भक्त झाले होते. एका बाजूला खांबेटे. दुसऱ्या बाजूला मी, गुण लिहायला. प्रत्येकाला पाच प्रश्न. सकाळपासून सहा जण पोपटासारखे पाचही उत्तरं सांगून गेले होते.

सोजरबाई धुवट लुगडं नेसून आल्या होत्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. चार प्रश्नांची उत्तरं त्यांनी अशी दिली की सर्जेराव काजू खायचे थांबले. मग पाचवा.

“भुंगेरे गोळा करण्याचा योग्य काळ कोणता?”

“वळीव पडला की लगोलग. दिस मावळताना. चार-पाच सांजा.”

“तारीख सांगा.”

“तारीख न्हाई साहेब त्याला. पावसाला कोन तारीख सांगनार?”

सर्जेरावांनी पुस्तिका उघडली, बोट ठेवलं आणि मान हलवली. “चूक. पंधरा ते तीस जून.”

सोजरबाईंना ते कळेचना. “न्हाई वो साहेब, जूनाच्या पंधराला काय बी घावत न्हाई. तवर अंडी घालत्यात.” त्यांनी खांबेट्यांकडे बघितलं. खांबेटे चष्मा पुसत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “भाऊसाहेब, तुमाला ठावं हाय की. तुमीच लिवून घेतलं व्हतं. पाच सांजा आलता तुमी. सांगा की ह्यांस्नी.”

सर्जेराव माझ्याकडे बघायला लागले. खांबेट्यांचा हात चष्म्यावर थांबला. माझं प्रमोशनचं पत्र त्यांच्याच सहीसाठी पडून होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. नुसती सवय होती, बरं साहेब म्हणायची.

“पुस्तिकेत पंधरा जून आहे, बाई,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. पानावरच्या त्या अळ्यांकडे मी किळसून बघितलं होतं, तसं तरी बघायला हवं होतं. त्यांनी नुसतं समजून घेतल्यासारखं बघितलं, टेबलाला नमस्कार केला आणि उलट पावली बाहेर गेल्या. मी पाचव्या रकान्यात शून्य घातलं. खांबेट्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मी एक काजू घेतला.

“पुढचा,” सर्जेराव म्हणाले.

मी मच्छिंद्रला हाक मारली. तो आत आला, ताठ उभा राहिला आणि प्रश्न विचारायच्या आधीच म्हणाला, “पंधरा ते तीस जून.”

“शाब्बास,” सर्जेराव म्हणाले, आणि मी त्याला पूर्ण गुण लिहिले.