बालगृहातलं भजन

पंचवटीतल्या भजनी मंडळात लतिकाताई झांजा वाजवत. आवाज बेताचाच, पण माणसं सांभाळून घेण्यात हातखंडा. त्याच मंडळात, मुलं पळवून विकणाऱ्यांवरच्या एका सिनेमावरून दोन तट पडले.

"तो बघून ज्याला रडू आलं नाही, त्याला काळीजच नाही," संपदाताई म्हणाल्या.

"मतांसाठी काढलाय तो! तुमच्या पक्षाने तिकिटं फुकट वाटली, म्हणून हा कळवळा," नलिनीताईंनी सुनावलं.

एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून धरायची, ही भजनाची रीत. आता एका तटाची ओळ दुसरा धरेना.

लतिकाताईंनी तर मुलींच्या बालगृहात भजनाचा शब्द दिलेला. तिथेही तेच. संपदाताईंनी अभंग उचलला आणि निम्म्या बायका तोंड मिटून बसल्या.

लतिकाताईंना खेटून बसलेल्या, बालगृहातल्या छोट्या तृप्तीने विचारलं, "आजी, यांचं भांडण झालंय?"

"झालंय गं थोडंसं."

"कशावरून?"

पोर स्वतःच विकली गेलेली, नुकतीच सोडवून आणलेली. तिला काय सांगायचं? लतिकाताईंच्या झांजा थांबल्या.

शेजारी बसलेल्या नलिनीताईंनी ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली आणि संपदाताईंची ओळ मागून धरली, जरा बेसूरच. मग बाकीच्याही मिसळल्या. तृप्ती टाळ्या वाजवू लागली.

परतताना रिक्षात संपदाताई आणि नलिनीताईंची पुन्हा जुंपली.

"पुढच्या एकादशीलाही बोलावलंय मुलींनी," लतिकाताई भीत भीत म्हणाल्या.

"मग? येणारच की!" दोघी एकदमच त्यांच्यावर खेकसल्या.