बंद खोलीच्या सिनेमानंतर

मस्कतच्या अझैबा भागात ओळखीच्या एका मराठी जोडप्याकडे शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की जुना सिनेमा लावत. त्या शुक्रवारी पन्नासच्या दशकातला एक युरोपीय कृष्णधवल सिनेमा होता. गोष्ट परीकथेतली. श्रीमंत नवरा नव्या बायकोला घराच्या सगळ्या किल्ल्या देतो, फक्त एक खोली उघडायची नाही. त्या खोलीत आधीच्या बायकांची प्रेतं. दिग्दर्शकानं त्याची कॉमेडी केली होती. नवी बायको दार उघडते, ओळीनं ठेवलेली प्रेतं बघते आणि आधी नोकराला धुळीवरून झापते. सगळे हसलो.

मला त्या संध्याकाळी नवऱ्याशी बोलायचं होतं. लग्नाआधी मी पुण्यात ज्या वर्तमानपत्रात उपसंपादक होते, तिथून निवडणुकीच्या कामासाठी तीन महिन्यांचं बोलावणं आलं होतं. ओमानमध्ये मी फॅमिली व्हिसावर होते. कागदोपत्री नवरा माझा स्पॉन्सर. आम्ही बायका आपसात नवऱ्यांना अर्बाबच म्हणायचो, म्हणजे मालक.

"काय गं," त्या घरच्या वहिनींनी विचारलं, "तुझ्या अर्बाबनं कुठली किल्ली नाही दिली तुला?"

उत्तर माझ्या नवऱ्यानंच दिलं. "पासपोर्टच्या कप्प्याची! दिली तर पुढच्या फ्लाइटनं माहेरी. मग मला रुवीतल्या खानावळीचा डबा लावावा लागेल."

पुरुष हसले. वहिनी हसल्या नाहीत. "खरंच तुझ्याकडे नसतो?"

"अहो, मी वेंधळी. हरवीन म्हणून त्याच्याकडे," मी म्हणाले. संसारात माझ्या हातून एकही वस्तू हरवलेली नव्हती. सिनेमा पुढे चालू राहिला. त्याचा शेवट मला आठवत नाही.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "गंमत केली गं. लागलं का तुला?"

"मला पुण्याला जायचंय. तीन महिने. पेपरचं काम आहे."

पुढच्या सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"



घरी आल्यावर त्यानं कप्पा उघडला आणि पासपोर्ट पुढे धरला. "जा की. मी कधी नाही म्हटलंय?"

ते खरं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पासपोर्ट माझा होता. तो हातात घेताना मी त्याला "थँक्यू" म्हणाले, बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. त्यालाही ते ऐकवलं नसावं. माझ्याकडे न बघता तो बराच वेळ कप्पा बंद करत राहिला.