शांतामावशींचा भोपळा

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की आमच्या चर्चमधला हंगामाचा सण हमखास मिळतो. वेदीपुढे लोकांनी देवाला वाहिलेली बाजरीची कणसं, गवार, अंडी आणि एखादी बावरलेली कोंबडी असते. उपासना संपली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो; पैसे चर्चला जातात.

यंदा शेजारच्या शांतामावशींनी दारच्या वेलाला आलेला एकुलता एक भोपळा आणला होता. तो वेल त्यांच्या यजमानांनी, काकांनी लावलेला; फळ बघायला ते राहिले नाहीत. लिलावात भोपळा निघाला तशी पहिली बोली मावशींचीच. कुणी वर बोलायला गेलं की त्याच्याकडे अशा बघायच्या, की तो मागे सरायचा.

पाळकसाहेब हसले. "अहो मावशी, हा तुमचाच ना?"

"सकाळी माझा होता," मावशी म्हणाल्या. "आता देवाकडून घेतेय."

संध्याकाळी त्यांनी घरोघर फोडी वाटल्या. आमच्याकडे जेवणाआधी आभार मानतात, पण आमटी निवेल म्हणून जरा भरभरच. त्या दिवशी ताटात भोपळ्याची भाजी होती. 'आमेन' म्हणून झालं, तरी बराच वेळ कुणी डोळे उघडले नाहीत.