पडद्यावरची कावीळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मामाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? स्वस्थ बसवत नाही, एवढंच.

मामा रत्नागिरीत वैद्य होता. काविळीचे रोगी पार राजापूरहून त्याच्याकडे यायचे. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकले, आणि ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे — माझ्या डोक्यात वारंच शिरलं होतं. मामाची सगळी विद्या त्यात घालायची! प्रश्नांची उत्तरं भरली की हिरव्या अक्षरांत काविळीचा प्रकार उमटणार. मॉनिटर मी एसटीत मांडीवर घेऊन आणला. आंबा घाटात ओकले, पण तो सोडला नाही.

बायका पुरुषासमोर शौचाचं बोलत नसत. म्हणून त्यांना ते मी विचारायचं, असं ठरलेलं. आणि सगळं अडायचं तिथेच — रंग पांढुरका, तर पित्ताची वाट अडलेली. पिवळा, तर पित्त वाढलेलं. औषधं अगदी वेगळी. मला हे ठाऊक नव्हतं? प्रोग्रॅम मीच लिहिला होता ना?

त्या दिवशी पुण्याहून माझे सर आणि त्यांचे पाहुणे बघायला आले होते. समोर भाट्ये गावची सुलोचना, मासे विकणारी, डोळे हळदीसारखे. "बाय, ह्यो डबा माजा आजार सांगनार?" ती हसली, पाहुणेही हसले. मग तो प्रश्न आला, आणि — मला लाज वाटली. या सुटाबुटातल्या माणसांसमोर हे विचारायचं? तिला आत नेता आलं असतं. नेलं नाही. उत्तराशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नसे, म्हणून मी 'पिवळा' दाबलं. टाळ्या पडल्या.

मामाने नाडी पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नीट विचारलंस ना गो तिला?"

"विचारलं," मी म्हणाले.

त्याने वाढलेल्या पित्तावरचं रेचक दिलं. ती खंगत गेली. सिव्हिलमध्ये नेईपर्यंत फार उशीर झाला होता — पित्ताच्या वाटेत खडा अडकलेला. सुलोचना गेली.

तेव्हा तरी बोलायचं होतं! मामा कित्येक दिवस जेवणावरून उठून जायचा. शेवटी त्याने मनाची समजूत घातली, की बिचारी लाजेपोटी खोटं बोलली. पुढे प्रत्येक बाईला तो तेच सांगू लागला, सुलोचनाचं नाव घेऊन. मी शेजारी बसून ऐकायचे. गावभर तेच झालं.

काही वर्षांनी तिची मुलगी आली, तिलाही कावीळ. मी तिला आतल्या खोलीत नेलं. विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आमच्या आयेन लाजून खोटा सांगल्यान. मी खरा काय ता सांगतंय."

तिने सांगितलं. मी कळ दाबली. ती बरी झाली, दरसाल सुके बांगडे आणून द्यायची, मी घ्यायचे.

तिच्या आईला मी काहीच विचारलं नव्हतं.